थोरल्या साडूंचा ज्यूसर

४ मार्च, संध्याकाळ

आजपासून रोजनिशी. मुख्य कारण प्रकृती. पोटाची रोज नोंद ठेवली की पोट ताळ्यावर येतं, असं कुठंतरी वाचलं होतं. दुसरं कारण, हिची थोरली बहीण आणि थोरले साडू आज आमच्याकडे राहायला आले, त्यामुळे घरात मला बोलायला माणूस उरलं नाही.

त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट बदलताहेत. ताईंचे गुडघे गेलेले, घर चौथ्या मजल्यावर. आमचं तळमजल्यावर. लिफ्ट झाली की जाणार. लिफ्ट कधी होणार ते लिफ्टवाल्यालाच माहीत.

सामान: दोन बॅगा, ताईंची औषधांची पिशवी आणि एक खोकं. खोकं थोरल्यांनी टॅक्सीत मांडीवर घेऊन आणलं. लहान मूल आणावं तसं. आत ज्यूसर निघाला.

थोरले माझ्याहून सात वर्षांनी मोठे. विम्याचे एजंट होते, आता निवृत्त. पोट सपाट. शर्ट आत खोचतात, तोही घरात. मला त्यांचा हेवा वाटतो असा कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून इथं स्पष्ट लिहून ठेवतो. वाटत नाही.

पोट: गच्च. जेवणानंतर तीन आंबट ढेकर.

५ मार्च, सकाळ

सहाला जाग आली. म्हणजे आणली गेली. स्वयंपाकघरात घर्रर्र. बाहेर येऊन बघतो तर थोरले आंघोळ आटोपून, शर्ट खोचून उभे. गाजर, काकडी, सफरचंद, इंचभर आलं, वरून लिंबू. यंत्र हळूहळू पिळतं, एका बाजूनं रस, दुसऱ्या बाजूनं चोथा. चोथा त्यांनी हिच्या कुंड्यांना घातला. ही म्हणाली, भावजी, किती नीटनेटकं करता तुम्ही. परवा मी कुंडीत चहाची पावडर टाकली तेव्हा ही म्हणाली होती, मुंग्या होतील.

सगळे स्टीलचे ग्लास घेऊन टेबलाशी बसले. थोरल्यांनी मलाही विचारलं. मी तत्त्व म्हणून नको म्हणालो. मग तत्त्व सोडायचं ठरवलं तोवर संपला होता.

थोरले म्हणाले, ज्यूस प्यायचा नाही, चावायचा. तोंडात घोळवायचा, लाळ मिसळू द्यायची. पचन तोंडातच सुरू होतं. ही अगदी मन लावून ऐकत होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी हिला पाण्याच्या लाइनीतला व्हॉल्व्ह म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं, तेव्हा हिचा चेहरा असा झाला होता. नंतर झालेला आठवत नाही.

हिनं ब्रेड-आमलेट अर्धं टाकलं. ज्यूसनंच भरलं असणार पोट. उरलेलं मी खाल्लं. अन्न वाया जाऊ नये.

७ मार्च, संध्याकाळ

ही घरी पडदे शिवते. मागच्या खोलीत हिचं शिलाई मशीन, कापडाचे तागे. ऑफिसातून आलो तर थोरले त्या खोलीत. एका लांबलचक पडद्याचं एक टोक हिच्या हातात, दुसरं थोरल्यांच्या. घडी घालणं चाललेलं. मला बघून दोघं बोलायचे थांबले.

इतक्या वर्षांत पडद्याचं दुसरं टोक मी कधी धरलं नाही हे खरं आहे. पण कुणी धरायला सांगितलंही नाही. थोरल्यांना तरी कुणी सांगितलं होतं का, असं हिला विचारलं. ही म्हणाली, नाही, ते आपणहून उठले.

जेवताना ही म्हणाली, हल्ली माझं पोट दुखतं हो, इथं, वरच्या बाजूला. मी म्हणालो, वरच्या बाजूचं काही नसतं, माझं बघ, खालून वर येतं. मग माझं सविस्तर सांगितलं. दुपारी कॅन्टीनचा तेलकट वडा, तिथून सुरुवात करून. ही मध्येच कपडे आणायला उठली. पाऊस वगैरे काही नव्हता.

९ मार्च, संध्याकाळ

विचार केला. पोट म्हणजे शेवटी पाइपलाइन. आणि पाइपलाइन कुणाचा विषय आहे? माझा. पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात जन्म गेला. अर्ध्या शहराच्या तुंबलेल्या लाइनी मी मोकळ्या केल्या. विम्याच्या एजंटानं मला प्रवाह शिकवावा म्हणजे कमाल आहे.

थोरल्यांच्या यंत्रातला मूळ दोष: प्रेशर नाही. हळू पिळतं. हळू पिळलेला रस पोटात जाऊनही हळूच चालणार. लाइन साफ करायची तर जोर पाहिजे.

तक्रारी लिहून घेणाऱ्या बाईंना हे समजावलं. त्या म्हणाल्या, साहेब, तुमच्या शर्टाचं मधलं बटण उघडं आहे. बटण उघडं नव्हतं, तुटलं होतं. विषय तिथंच राहिला.

ऑफिसातून परस्पर दुकानात गेलो. फिरत्या पात्याचा, सर्वात मोठ्या मोटरचा ज्यूसर घेतला. दुकानदार म्हणाला, हा हॉटेलवाले नेतात. म्हटलं, मग बरोबर.

ही खरेदी तांत्रिक आवडीतून केली आहे. नोंद असावी.

१० मार्च, सकाळ

साडेपाचला उठलो. थोरल्यांच्या आधी ओटा ताब्यात घेतला.

मोटरला खरोखरच जोर आहे. गाजर घातलं ते क्षणभर आत राहिलं आणि मग छताला लागलं. झाकण नीट बसलं नव्हतं, हे यंत्राच्या रचनेतलं न्यून. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खाली आले आणि विचारू लागले, भिंत पाडताय का. ताई गुडघे धरून दारात उभ्या. थोरले मात्र शांतपणे स्टुलावर चढून छत पुसू लागले. ही म्हणाली, भावजी, तुम्ही कशाला. मी तिथंच उभा होतो. मला कुणी म्हणालं नाही, तुम्ही कशाला.

रस: अर्धा ग्लास, वर फेस. चोथा: पातेलंभर, ओला.

थोरल्यांनी तो अर्धा ग्लास घेतला, एक घोट तोंडात घोळवला आणि म्हणाले, छान झालाय, ताकद आहे. या माणसाला धड वाईट बोलताही येत नाही. अशा माणसाशी वागायचं कसं?

१३ मार्च, संध्याकाळ

स्वतःचा फॉर्म्युला तयार केला. थोरल्यांचं गाजर-सफरचंद म्हणजे लहान मुलांचं काम. मी कोबी, मुळा, पालक घेतला. सगळं कच्चं. वर दोन लिंबं. आलं नाही, आलं थोरल्यांचं.

सकाळी मोठा ग्लासभर घेतला. चावत बसलो नाही, वेळ नव्हता. थोरले हळूच म्हणाले, रिकाम्या पोटी कच्चा कोबी जरा जपून. हसून सोडून दिलं.

साडेअकराला मोठ्या साहेबांकडे बैठक. विषय: पूर्व भागात कमी दाबानं पाणी. मी आकडे सांगायला उभा राहिलो आणि पोटातून आवाज आला. लांबलचक, चढता. साहेबांनी वर बघून विचारलं, कुठला पंप चालू आहे. मग दुसरा आवाज आला. त्याला पोट जबाबदार नव्हतं, खुर्ची जुनी आहे. खिडकीजवळ बसलेल्यांनी खिडक्या उघडल्या. उकडत होतं म्हणून असेल.

बैठक लवकर संपली. पूर्व भागाचा निर्णय पुढे ढकलला.

फॉर्म्युला चुकीचा नाही. प्रमाण बघावं लागेल.

१५ मार्च, संध्याकाळ

प्रमाण बदललं. कोबी-मुळा रद्द, आता फक्त बीट. थोरले एक छोटा तुकडा घालतात, रंगापुरता. मी सहा बीटं घातली. असल्या गोष्टीत कंजूषपणा कशाला.

आज त्या दोघांचं परत मागच्या खोलीत काहीतरी चाललं होतं. दारातून ऐकू आलं ते एवढंच: थोरले विचारत होते, जेवणाआधी जास्त दुखतं का नंतर, आणि ही सांगत होती. बराच वेळ सांगत होती. हिला इतकं सांगता येतं हे मला माहीत नव्हतं.

थोरल्यांची ती धंद्यातली सवय. विमा विकणारे सगळ्यांना तब्येत विचारतात. हिला एवढंही कळू नये?

१६ मार्च, सकाळी साडेसहा

लिहायला हात धजत नाही. लाल.

पुन्हा जाऊन बघितलं. लालच.

म्हणजे आतून काहीतरी गेलं. मन विलक्षण शांत आहे. कुणाला सांगणार नाही. विम्याचे कागद कुठं आहेत ते हिला माहीत नाही, थोरल्यांना माहीत आहे, कारण विमा त्यांनीच उतरवला होता. म्हणजे मी गेल्यावरसुद्धा हे मध्ये येणार.

ऑफिसला अर्धी रजा. हिला सांगितलं, साइटवर जातोय. ही म्हणाली, बरं. मागे वळून बघितलं, ही भाज्या धूत होती. शेवटचं बघितल्यासारखं बघून घेतलं.

१६ मार्च, दुपार, ऑफिस

घडलेलं क्रमानं लिहितो.

आमचे जुने डॉक्टर आपल्या मुलाकडे राहायला गेले, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण बसते. तिला मी कधी भेटलो नव्हतो. दवाखान्यात गर्दी होती. माशांच्या काचेच्या टाकीमागची खुर्ची मिळाली. वाट बघत होतो तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि बाहेर ही आली. मागून थोरले. हिची पर्स थोरल्यांच्या हातात.

मी टाकीमागे वाकलो. एक मोठा पिवळा मासा माझ्याकडे बघत राहिला. दोघं गेली.

माझा नंबर आला. आत गेलो, खालच्या आवाजात लाल रंगाचं सांगितलं. डॉक्टरीण बाईंनी लिहिणं थांबवलं नाही. विचारलं, बीट खाल्लं का काल. म्हटलं, खाल्लं नाही, प्यायलो, सहा. त्या म्हणाल्या, मग निळं कसं होईल. काही झालेलं नाही तुम्हाला, उद्यापर्यंत जाईल. आणि कच्च्या भाज्यांचा इतका मारा करू नका, साधं जेवा, चाला, पाणी प्या.

पाणी प्या, हे मला.

मग त्या आपणहूनच म्हणाल्या, ज्यूस करणारे आज दुसरे आले तुम्ही. आत्ता एक बाई गेल्या ना, त्यांचे मिस्टरही रोज करतात. पण काय माणूस आहे. बायकोला कधीपासून दुखतंय, कशानं वाढतं, काय खाल्लं की बरं वाटतं, सगळं तोंडपाठ. असे नवरे आता बघायला मिळत नाहीत.

मी म्हणालो, हो ना.

एवढंच म्हणालो. चिठ्ठीवर नाव लिहिताना त्यांनी वरच्या नोंदीकडे बघितलं असतं तर आडनावावरून कळलं असतं. त्यांनी बघितलं नाही. मी चिठ्ठी घडी करून खिशात टाकली.

१६ मार्च, संध्याकाळ

ही काही बोलली नाही. मीही नाही. मी वाट बघणार. सांगायचं असेल तर तिनं सांगावं. मी विचारणार नाही, कारण विचारलं तर मला आधीच कळलंय हे कळेल, आणि मग मी दवाखान्यात कशाला गेलो होतो ते निघेल, आणि मग बीट.

थोरले जेवताना मला म्हणाले, तुमचा चेहरा उतरलाय, सगळं ठीक ना. मी म्हणालो, साइटवर ऊन होतं.

मिस्टर म्हणे. खोचलेला शर्ट बघून लोक फसतात.

१८ मार्च, संध्याकाळ

मुलीचा फोन. ती परगावी नोकरीला. हिच्याशी बोलून झाल्यावर मी फोन घेऊन जिन्यात गेलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, आईच्या तब्येतीचं तुला काही माहीत आहे का. ती म्हणाली, म्हणजे पोटाचं ना, दोन महिने झाले की. काका घेऊन गेले डॉक्टरकडे, बरं झालं, नाहीतर आई गेलीच नसती. आता आत नळी घालून बघणार आहेत, एंडोस्कोपी.

म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही. ती म्हणाली, बाबा, आईनं तुम्हाला निदान तीनदा सांगितलंय. तुम्ही प्रत्येक वेळी तिला तुमच्या गॅसचं सांगितलंत.

हे शक्य नाही. माझी स्मरणशक्ती उत्तम आहे, शहरातले सगळे व्हॉल्व्ह मला पाठ आहेत. खात्रीसाठी या वहीची मागची पानं चाळणार होतो. पण जेवायची हाक आली.

मुलगी थोरल्यांना काका म्हणते. लहानपणापासून. पूर्वी कानाला खटकत नसे.

२० मार्च, सकाळ

ज्यूसच्या टेबलावरच विषय काढला. म्हटलं, एंडोस्कोपी कधी आहे. ही आणि ताई एकमेकींकडे बघू लागल्या. थोरले म्हणाले, तेवीसला, मी नेणार आहे तिला. मी म्हणालो, तुम्ही कशाला, मी नेणार. आवाज थोडा चढला असावा. ही म्हणाली, अहो, तुमचं ऑफिस. म्हटलं, ऑफिस गेलं खड्ड्यात. खड्डे आमच्याच खात्याचे, त्यामुळे ते बोलणं शोभलं.

हिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. बरं वाटलं असेल. किंवा भीती असेल. मग म्हणाली, भावजी, नेऊ दे त्यांना.

थोरल्यांनी लगेच मान हलवली. मला समजावून सांगू लागले, कुठल्या दारानं जायचं, कुणाला भेटायचं, कागद कुठले. मी म्हणालो, नळीत कॅमेरा घालून बघणं हे आमच्याकडे रोजचं आहे. थोरले आणखीही काहीतरी सांगत होते, पण मी ऑफिसला निघालो होतो.

२३ मार्च, दुपार

थोरले आणखीही जे सांगत होते ते असं होतं, की तपासणीच्या दिवशी सकाळी काही खायचं प्यायचं नाही.

झालं असं. पहाटेच उठलो. म्हटलं, हिचा मोठा दिवस, आज ज्यूस माझ्या हातचा. माझं यंत्र चालवलं नाही, वरचे गृहस्थ येतात. थोरल्यांचं वापरलं, ते झोपले होते. गाजर, सफरचंद, लिंबू. गाळून घेतला. पाहिजे तर कुणीही विचारावं, फेस अजिबात नव्हता. ग्लास घेऊन हिच्याकडे गेलो. ही केस विंचरत होती. ग्लासाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, तुम्ही केलात? मी म्हणालो, मग कुणी. तिनं दोन घोट घेतले आणि ग्लास खाली ठेवला. म्हणाली, छान आहे.

तिथं नर्सनं विचारलं, सकाळपासून काही पोटात गेलंय का. ही म्हणाली, दोन घोट ज्यूस. नर्सनं विचारलं, सांगितलं होतं ना उपाशी यायला, मग का घेतलात. ही म्हणाली, ह्यांनी पहिल्यांदाच केला होता.

नर्सनं माझ्याकडे बघितलं. तपासणी पुढे ढकलली. तीस तारीख.

येताना रिक्षात मी म्हणालो, दोन घोटांनी काय होतं, नळीची माणसं उगाच बाऊ करतात. ही म्हणाली, असू दे. आणि माझ्या हातावर हात ठेवला. पोटावर ठेवायचा असेल, रिक्षा हलत होती.

२६ मार्च, संध्याकाळ

लिफ्ट झाली. थोरले आणि ताई गेले. जाताना थोरल्यांनी खोकं परत मांडीवर घेतलं. हिचे डोळे भरून आले होते. ताईंसाठी असावेत.

घर मोकळं वाटतंय. आता मी माझ्या पद्धतीनं सगळं बघणार.

मागच्या खोलीत जाऊन विचारलं, पडद्याचं टोक धरायचं आहे का. ही म्हणाली, आज पडदे नाहीत, उशांचे अभ्रे आहेत. थोडा वेळ तिथंच उभा राहिलो.

३० मार्च, संध्याकाळ

तपासणी झाली. हिला उपाशी नेलं. कुणाला खाऊ-पिऊ दिलं नाही. मी स्वतःही काही घेतलं नाही, समतोल म्हणून.

आत नेलं तेव्हा दार बंद केलं. मी म्हणालो होतो, मला पडद्यावर बघू द्या, मी या क्षेत्रातला आहे. त्यांनी खुर्ची दाखवली. बसलो. खुर्चीसमोर भिंत होती. भिंतीवर काही नव्हतं. अशा वेळी माणसाच्या डोक्यात काय काय येतं ते लिहिण्यासारखं नाही. हिची पर्स माझ्या मांडीवर होती. जड असते. इतकं काय असतं त्यात, बघितलं नाही.

अल्सर. छोटा. बाकी काही नाही. औषधांनी बरा होतो.

रिपोर्ट घेऊन संध्याकाळी डॉक्टरीण बाईंकडे गेलो. त्यांनी मला लगेच ओळखलं. म्हणाल्या, अरे, बीटवाले, तुम्ही पण आत आलात का, जरा बाहेर थांबता, यांचं आधी बघते. आणि हिला विचारलं, आज मिस्टर नाही आले?

ही म्हणाली, हेच.

डॉक्टरीण बाईंनी रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. ही मला हळूच म्हणाली, बीट काय? मी म्हणालो, नंतर सांगतो.

पण महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, थोडं थोडं, मऊ, वेळेवर खायचं, आणि आलं, लिंबू, कच्च्या भाज्यांचे ज्यूस सध्या बंद.

ज्यूस बंद. डॉक्टरांचा शब्द. म्हणजे इतके दिवस थोरले हिच्या अल्सरवर रोज सकाळी लिंबू पिळत होते. मला कुणाला दुखवायचं नाही, पण सत्य ते सत्य. उद्या थोरल्यांना फोन करून कळवणार. सौम्य शब्दांत.

३१ मार्च, सकाळ

फोन केला. सौम्य शब्द कालच तयार केले होते. म्हटलं, तुमचा हेतू चांगला होता, पण ज्यूसनं हिचं नुकसान झालं, डॉक्टरांचं असं मत आहे.

थोरले म्हणाले, अहो, तिचा ज्यूस तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी बंद केला होता. सतरा तारखेपासून तिच्या ग्लासात मी कोमट पाणी देत होतो. स्टीलचा ग्लास, कुणाला दिसतंय.

म्हटलं, मग ती बसायची कशाला टेबलाशी.

थोरले म्हणाले, तेवढीच दहा मिनिटं ती सकाळी कुणाबरोबर बसते हो. नाहीतर उभ्यानंच चाललेलं असतं तिचं.

मग विचारलं, तुमचं पोट कसं आहे. मी फोन ठेवला. म्हणजे आधी बरं आहे म्हणालो, मग ठेवला.

माझं यंत्र माळ्यावर टाकलं. जागा अडते.

४ एप्रिल, संध्याकाळ

थोरले रोज संध्याकाळी बरोबर सातला फोन करतात. हिची विचारपूस. ही फोन घेऊन गॅलरीत जाते आणि तिथल्या स्टुलावर बसून सगळं सांगते. काय खाल्लं, किती खाल्लं, कुठं दुखलं. मी आत पेपर वाचतो. गॅलरीचं दार बंद होत नाही, त्यामुळे ऐकू येतं. मी ऐकत नाही.

हे थांबवायला पाहिजे. फोन तोडून नव्हे, तो माझा स्वभाव नाही. साधा उपाय आहे. सातच्या आत मीच विचारायचं. सगळं मला सांगून झालं की सातला सांगायला काही उरणारच नाही. लाइन आधीच मोकळी.

उद्यापासून अंमल. नियम: एक, विचारायचं. दोन, मध्ये बोलायचं नाही. तीन, माझ्या पोटाचा विषय काढायचा नाही, कितीही संबंध आला तरी.

५ एप्रिल, संध्याकाळ

साहेबांना सांगून लवकर निघालो. सव्वासहाला घरी. ही मागच्या खोलीत अभ्र्यांना बटणं लावत होती. तिच्यासमोर खुर्ची ओढली, बसलो आणि विचारलं, आज कसं आहे पोट.

हिनं सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, सकाळी ठीक होतं. मग दुपारचं सांगितलं. मग दुपारवरून गेल्या महिन्याचं. पहिल्यांदा दुखलं तेव्हा ती एकटीच घरी होती आणि जमिनीवर बसून राहिली होती, ते सांगितलं. तेव्हा तिला काय वाटलं होतं, तिची आई कशानं गेली होती आणि म्हणून ती डॉक्टरकडे जायला का घाबरत होती. हे मला माहीत नव्हतं. आई गेल्याचं माहीत होतं.

मी नियम पाळले. एकदा तोंडाशी आलं होतं, कारण ती जळजळीचं सांगत होती आणि नेमकी तशीच मला मंगळवारी झाली होती. ओठ मिटून घेतले. तिनं शेवटचं बटण लावलं, दोरा दातानं तोडला आणि माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो. असं वाटलं की या वेळी बाजी मारली. खरंच मारली.

सात वाजले. फोन वाजला. ही गॅलरीत गेली. मी निश्चिंतपणे पेपर उघडला. सांगायला काही उरलं नव्हतं.

ही म्हणाली, मी बरी आहे, भावजी.

एकच वाक्य. मी पेपरामागे हसलो.

मग तिचा आवाज खाली आला. दार बंद होत नाही हे लिहिलंच आहे. म्हणाली, ह्यांचं मात्र काहीतरी बिनसलंय. ऑफिसातून लवकर आले, समोर बसले, आणि पाऊण तास एक शब्द बोलले नाहीत. असे कधी करत नाहीत हो. मला काळजी वाटते. पोट असेल का?

थोरले काहीतरी म्हणाले. ही म्हणाली, बरं, मग उद्या सकाळीच या.